इंजिन मोठं, गाडी तीच

अमेरिकेत घोडे, बोटी, खोदकामाची यंत्रं किंवा चाकांवरचं अख्खं घर पिकअपच्या मागे बांधून शेकडो मैल नेणारा मोठा वर्ग आहे. त्या वर्गात एक वाद वर्षानुवर्षं चघळला जातो. कारखान्यातून तयार होऊन आलेला डिझेल ट्रक घ्यावा, की दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीतलं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे दणकट डिझेल चढवावं? दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, आणि दोन्ही बाजू इंजिनाबद्दलच बोलतात. कोणतं जास्त टिकतं, कोणतं जास्त ओढतं, कुठल्या पंपात कमी भानगडी.

मला हा सगळा वादच उथळ वाटतो. जड ओझं ओढण्याच्या कामात इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ताकद विकत मिळते, आणि आजकाल स्वस्तातही मिळते. खरी निवड करायची असते ती इंजिन आणि रस्ता यांच्यामधल्या प्रत्येक भागाचा हिशेब कोणी करायचा याची. कारखाना इंजिनाची ताकद गाडीच्या सर्वांत अशक्त भागाच्या मापात बसवतो. इंजिन बदलणारा आधी ताकद आणतो आणि अशक्त भाग कुठला, हे त्याला पुढे रस्त्यावर कळतं. म्हणून खऱ्या जड कामासाठी कारखान्याचीच गाडी घ्यावी असं माझं मत आहे. त्याला एक अपवाद आहे. तो छोटा असला तरी महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे शेवटी येतो.

टॉर्कची भुरळ

इंजिनाभोवती फिरणारं हे मत आलं कुठून, ते जाहिराती पाहिल्या की कळतं. १९८९ च्या डॉज डिझेल पिकअपला ४०० पौंड-फूट टॉर्क होता. २०१९ मध्ये त्याच घराण्यातल्या रॅमने हजाराचा आकडा गाठला, २०२३ मध्ये फोर्डने १,२०० चा. ग्राहकाच्या लक्षात राहतो तो हा चढता आकडा. त्याच काळात गिअरबॉक्स तीन-चार गिअरची होती ती दहा गिअरची झाली, ब्रेकच्या डिस्क वाढल्या, चासीचं पोलाद बदललं, एक्झॉस्ट ब्रेक कारखान्यातूनच बसून येऊ लागला. पण या गोष्टींना जाहिरातीत मोठा टाइप मिळत नाही.

दुसरं कारण म्हणजे कमिन्सची पुण्याई. इंजिन बदलणाऱ्यांचं आराध्यदैवत म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल, त्यातही १९९८ पर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं. बिडाचा भक्कम ब्लॉक, कॅमशाफ्ट फिरवायला बेल्ट नाही की चेन नाही, थेट दातेरी गिअर. १९९४ पासूनच्या बॉशच्या मेकॅनिकल पंपाला तर इंजिन चालू ठेवण्यापुरती एक वायर पुरते. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. १९६२ पासूनच्या किर्लोस्कर कमिन्समुळे पुण्यात ते रुजलं, आणि हे इंजिन ज्या मालिकेतलं त्याच बी मालिकेचं इंजिन नव्वदीच्या दशकात जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटांच्या ट्रकांत आलं. घाटात फुल लोड घेऊन चढणाऱ्या ट्रकच्या बॉनेटखालून आपण ते ऐकलेलं आहे. इंजिन उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तम इंजिन बसवलं की गाडीही उत्तम झाली, ही समजूत मला मान्य नाही.

डॉजने नेमकं काय केलं

कारखान्याची बाजू घेणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ज्या ट्रकमुळे अमेरिकेत डिझेल पिकअपचं युग खऱ्या अर्थाने बहरलं, तो १९८९ चा डॉज म्हणजे एका अर्थी इंजिन बदललेली गाडीच होती. तिचा मूळ आराखडा १९७२ चा. इंजिन कमिन्सने केस या शेतीयंत्रांच्या कंपनीबरोबर मिळून तयार केलेलं, ट्रॅक्टर, यंत्रं आणि मध्यम ट्रकांसाठी. जुन्या पिकअपमध्ये शेतीयंत्राचं इंजिन बसवणं म्हणजे एखाद्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी जे चालतं तेच की!

फरक पुढे आहे. डॉजने ते इंजिन १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पौंड-फूटवर बांधून ठेवलं. त्यातून याहून जास्त काढणं अवघड नव्हतं. आज कुठलाही हौशी माणूस त्या जुन्या पंपाचा इंधनाचा स्क्रू फिरवून ते तासाभरात करतो. पण इंजिनामागे होती तीन गिअरची ऑटोमॅटिक किंवा गेट्रागची पाच गिअरची मॅन्युअल, आणि त्यांच्या सहनशक्तीला मर्यादा होती. म्हणून इंजिनाला आवर घातला. याचा सर्वांत बोलका पुरावा पुढच्या पिढीत सापडतो. १९९६ ते १९९८ च्या रॅममध्ये तेच ५.९ लिटरचं इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर २१५ हॉर्सपॉवरचं होतं आणि ऑटोमॅटिकबरोबर १८० चं. इंजिन तेच, गाडी तीच, शोरूमही तीच. मधला एक डबा बदलला म्हणून ३५ हॉर्सपॉवर कापले.

माझ्या मते या वादाचं सार या ३५ हॉर्सपॉवरमध्ये आहे. ताकद कमी करण्याचा निर्णय कारखान्यात घेतला जातो, कारण वॉरंटीचा खर्च त्याच्या अंगावर येतो. गॅरेजमध्ये इंजिन बदलणाऱ्यावर असा कुठलाच दबाव नसतो. इतकी खटपट आणि खर्च करून आणलेलं इंजिन कोणी बांधून ठेवत नाही. उलट ते बसल्यावर चार दिवसांत स्क्रू फिरतोच.

चढापेक्षा उतार महत्त्वाचा

आता थोडं गणित करू. ट्रक आणि ट्रेलर मिळून ९,००० किलो धरा. अमेरिकेत हे वजन नेहमीचं आहे. रस्ता सहा टक्के चढाचा, वेग ताशी ८० किलोमीटर. हे वजन नुसतं वर नेण्यासाठी सुमारे १६० हॉर्सपॉवर लागतात. टायरचं घर्षण आणि ट्रेलरच्या सपाट तोंडावर आदळणारा वारा धरला तर चाकांशी २३०-२४० हवेत. इथे मोठ्या डिझेलचा उपयोग आहे, आणि उंचीवर तो आणखी वाढतो. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आपली जवळपास तीस टक्के ताकद गमावून बसतं. इंजिन बदलणाऱ्यांचं इथपर्यंतचं म्हणणं बरोबर आहे.

पण बोगदा ओलांडला की उतार सुरू होतो. ९,००० किलो वजन हजार मीटर खाली आणायचं तर सुमारे ८८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे विजेची जवळपास २४ युनिटं. वारा आणि टायर त्यातला काही वाटा उचलतात, पण उरलेलं सगळं इंजिनाच्या किंवा ब्रेकच्या माथी येतं. चढताना कमी पडणारं इंजिन तुम्हाला फक्त हळू करतं, मागचे लोक हॉर्न वाजवतात इतकंच. उतरताना कमी पडणारी गाडी थांबत नाही. घाटात गाडी चालवलेल्या कुठल्याही मराठी ड्रायव्हरला हे सांगावं लागत नाही, पण इंजिनाच्या वादात ते हमखास मागे पडतं.

आणि इथेच इंजिन बदलण्यातली सर्वांत मोठी गंमत आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय सोडला की ती मिटते आणि इंजिनाच्या आत निर्वात दाब तयार होतो. त्या दाबाचे दोन उपयोग होतात. एक, इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं. दोन, त्याच दाबावर ब्रेकचा बूस्टर चालतो. साध्या डिझेलमध्ये ती झडपच नसते. म्हणजे पेट्रोल उतरवून डिझेल चढवलं की एका फटक्यात दोन गोष्टी जातात: इंजिनाचं धरून ठेवणं आणि ब्रेकला मिळणारी मदत. नवीन इंजिन सुरू करून ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं घट्ट.

जाणकार मेकॅनिक यावर उपाय करतात. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात किंवा पॉवर स्टीअरिंगच्या तेलावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर लावतात. इंजिनाला धरून ठेवायला लावायचं तर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे टर्बोच्या पुढे धुराड्याच्या वाटेवर एक झडप. पण ती झडप मिटली की मागे दाब साठतो, आणि बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात मूळ स्प्रिंग त्या दाबाला पुऱ्या पडत नाहीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडू पाहतात. मग जास्त कडक स्प्रिंग आल्या. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर तिचा टॉर्क कन्व्हर्टर उतारावरही लॉक राहिला पाहिजे, नाहीतर एक्झॉस्ट ब्रेकचं बळ चाकांपर्यंत पोचतच नाही. मग त्यासाठी वेगळा कंट्रोलर. एक इंजिन बदलायचं म्हणून सुरू झालेलं काम असं पायरीपायरीने गाडीच्या पार मागच्या टोकापर्यंत जातं. यातली प्रत्येक पायरी करता येते. पण त्या सगळ्या पायऱ्या किती जण करतात, आणि किती जण तिसरीवर थांबतात?

इथे कोणी म्हणेल की ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. असतात, आणि ते असलेच पाहिजेत. पण लांब उतारावर तेही तापतात, आणि एखादी वायर निसटली तर सगळं ओझं ओढणाऱ्या गाडीवर येतं. असे प्रसंग कोणी आधी सांगून येत नाहीत.

ओढायचं तेवढंच नसतं, वाहायचंही असतं

ट्रेलर मागे असतो म्हणून त्याचं वजन मागेच राहतं असं वाटतं. तसं नसतं. साध्या हुकवरच्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन गाडीवर येतं. ट्रकच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या फिफ्थ व्हीलचं पंधरा ते पंचवीस टक्के. साडेपाच हजार किलोचा फिफ्थ व्हील जोडला की हौद्यात आठशे ते जवळपास चौदाशे किलो येऊन बसतात. वर माणसं, सामान, डिझेलची टाकी. बहुतेक गाड्यांची वाहण्याची मर्यादा ओढण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आधी संपते.

यात इंजिनाची मदत शून्य. मागचे पाटे, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि चासी जे वाहू शकतात तेच वाहतात. उलट जड डिझेल बसवल्यावर परिस्थिती थोडी बिघडतेच. कमिन्सचं ते इंजिन पाचशे किलोच्या आसपास भरतं, साधं शेवरोले व्ही-एट त्याच्या निम्मं. वाढलेलं वजन पुढच्या ॲक्सलवर बसतं आणि गाडीच्या एकूण मर्यादेतून वजा होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर, ज्यावर गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा छापलेली असते, ते काही इंजिन बदलल्यावर बदलत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पेट्रोल इंजिनाला जोडलेला मागचा ४.१० चा गिअर डिझेलला सहसा सोसत नाही. ओव्हरड्राइव्ह नसेल तर ताशी १०५ किलोमीटरला इंजिन २,८०० च्या पुढे फिरू पाहतं आणि त्याआधीच इंजिनाचा वेग रोखणारा गव्हर्नर आडवा येतो. म्हणून डॉजने १९८९ च्या डिझेलला त्याहून कमी आकड्याचा गिअर दिला होता. रेडिएटर, फॅन, इंटरकूलर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर यांना जुन्या बॉनेटखाली जागा मिळवणं हे वेगळंच कोडं असतं. सपाट रस्त्यावर फिरवताना यातलं काही बोचत नाही. जुलैच्या उन्हात, चढावर, अर्धा तास फुल लोडवर चालवलं की कळतं.

आकड्यामागची परीक्षा

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे म्हणजे कंपन्यांची आणि त्यांच्या वकिलांची खेळी, हा आक्षेप नेहमी येतो. पूर्वी त्यात तथ्य होतं. कंपन्या आपापल्या पद्धतीने आकडे ठरवत आणि एकमेकींवर कुरघोडी करत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारलं, डेट्रॉइटच्या कंपन्या बऱ्याच कुरकुरीनंतर आल्या. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढाची आहे. बाहेर ३८ अंशांचा उष्मा, आतला एसी पूर्ण चालू, मागे जाहीर केलेलं पूर्ण वजन, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकला पाच मैलांची सूट. शिवाय बारा टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा सुटायचं, पुढेही आणि मागेही. ट्रेलर डोलला तर गाडी सावरते का, तेही तपासलं जातं.

घरी इंजिन बदललेली गाडी कोणी या परीक्षेला बसवत नाही, बसवू शकतही नाही. मालक म्हणतो, "मी ओढून पाहिलंय, मस्त ओढते." ओढते हे मान्यच आहे. पण त्या दिवशी हवा किती गरम होती, उतार किती लांब होता, आणि ब्रेक तीनदा लागोपाठ जोरात लावावे लागले का, हे त्या मस्तमध्ये येत नाही.

याच आक्षेपाचं एक जास्त वजनदार रूप आहे. त्याच गाडीला युरोपात अमेरिकेपेक्षा जास्त वजन ओढायची परवानगी मिळालेली कधी कधी दिसते. मग हे आकडे खरे कसे? मी कबूल करतो की आकडा हा निसर्गनियम नाही, संकेत आहे. पण तो एकटा संकेत नाही. युरोपात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा कमी असते, आणि हुकवर येणारं वजन अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी ठेवायची रीत आहे. म्हणजे तिथला जास्त आकडा घ्यायचा तर तिथला वेग आणि तिथली वजनाची मांडणीही घ्यावी लागते. टेक्सासमध्ये ताशी ७५ मैलांनी जाताना युरोपचा आकडा पुढे करणं ही लबाडी आहे.

आणि आकड्यामागे राखून ठेवलेली जागा असते हेही खरं. पण ती जागा ड्रायव्हरला वापरायला दिलेली नाही. झिजलेले ब्रेक लायनर, अर्धवट हवेचा टायर, पुढच्या माणसाने अचानक मारलेला ब्रेक, यांच्यासाठी ती आहे.

कारखानेही चुकतात

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्याच्या बाजूने इतिहास आहे. १९७८ ते १९८५ च्या दरम्यान जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल काढलं, पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावर बेतलेलं. ब्लॉक जाड केला, पण हेडबोल्टांची मांडणी पेट्रोलचीच ठेवली. डिझेलचा दाब त्या बोल्टांना झेपेना, हेड गॅस्केट उडू लागली. इंधनातलं पाणी वेगळं काढायची सोय नव्हती, त्यामुळे पंप गंजले. कितीतरी मालकांनी ते डिझेल फेकून पुन्हा पेट्रोल बसवलं. अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल मोटार उतरली ती बऱ्याच अंशी या इंजिनामुळे. फोर्डचं २००३ ते २००७ चं ६.० लिटरचं डिझेल दुसरं उदाहरण. ऑइल कूलर तुंबायचा, त्यामुळे ईजीआर कूलर (इंजिनात परत वळवलेला धूर थंड करणारा) फुटायचा, त्यामागून हेड गॅस्केट. ते इंजिन बनवणाऱ्या नॅव्हिस्टारला फोर्डने २००७ मध्ये कोर्टात खेचलं.

तर मग कारखान्यावर विश्वास का ठेवायचा? माझं उत्तर असं की कारखाना चुकतो तेव्हा हजारो लोकांसाठी एकसारखा चुकतो. ६.० चा दोष आज डिझेलच्या कुठल्याही मेकॅनिकला पाठ आहे. कुठले बोल्ट बदलायचे, कुठला कूलर बाहेर न्यायचा, सुट्या भागांचा नंबर काय, सगळं ठरलेलं. वायोमिंगमधल्या एखाद्या गावात रात्री गाडी बंद पडली तरी तिथला मेकॅनिक तिला ओळखतो. हाताने जुळवलेल्या गाडीचा दोष एकट्याचा असतो. तिचं वायरिंग कुठल्याही पुस्तकात नसतं. ते जुळवणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो असतो टेनेसीत. गाडी दुसऱ्याला विकली की ते ज्ञान तिथेच संपतं. साधेपणाच्या बाजूने दिला जाणारा एका वायरचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. इंजिनाला एक वायर पुरते, पण त्या गाडीला पुरत नाही.

शिवाय ओल्ड्समोबिलची गोष्ट नीट वाचली तर ती माझ्याच बाजूने बोलते. एका कामासाठी आखलेल्या सांगाड्यातून दुसरं काम काढायचा तो प्रयत्न होता. इंजिन बदलणाऱ्याकडून जी चूक होते तीच चूक त्या वेळी एका बलाढ्य कारखान्याने केली.

पैशाची तुलना चुकीच्या गाडीशी

"नवा ट्रक ऐंशी-नव्वद हजार डॉलर, माझं काम त्याच्या चौथाईत होतं." हे वाक्य इतकं रुळलंय की त्यातली चूक दिसेनाशी झाली आहे. जुन्या गाडीतल्या जुन्या इंजिनाची तुलना नव्या ट्रकशी करायचीच कशाला? तिचा खरा प्रतिस्पर्धी आहे दहा-पंधरा वर्षं जुना, कारखान्यातून डिझेल म्हणूनच निघालेला ट्रक. त्याच्याशी तुलना केली की बचत झपाट्याने आटते. इंजिन, गिअरबॉक्स, माउंट, बूस्टर, रेडिएटर, पाटे, मागचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक यांची बेरीज करा. त्यात स्वतःचे तास धरा, जे कोणी धरत नाही. आणि विकताना काय मिळेल तेही पाहा, कारण जुळवलेल्या गाडीचं गिऱ्हाईक मोजकं असतं आणि ते भाव पाडूनच मागतं.

स्वतःच्या हाताने इंजिन बसवण्यात आनंद आहे, हे मला मान्य आहे. तो आनंद चौथाई किमतीच्या नावाखाली लपवायची गरज नाही. हौस म्हणून केलं असं सांगितलं तर वाद उरत नाही, फक्त मग त्या गाडीमागे दुसऱ्याचे घोडे बांधू नयेत.

कागद

कायद्याच्या भागात मला फार रस नाही, पण तो टाळताही येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं धोरण असं की इंजिन बदलल्यावर गाडी त्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित गाडीसारखी झाली पाहिजे. हलक्या गाडीत मध्यम ट्रकचं इंजिन या चौकटीत सहसा बसत नाही. कॅलिफोर्नियात इंजिन बदललेली गाडी सरकारनियुक्त रेफरीला दाखवावी लागते. भाड्याने माल नेणाऱ्याला तर दाराचं स्टिकर, एकूण वजन आणि २६,००१ पौंडांवरचा व्यावसायिक परवाना यांचा ससेमिरा असतोच. अपघात झाल्यावर विमा कंपनी आणि वकील सगळ्यात आधी ते स्टिकर वाचतात.

आपल्याकडे प्रश्न लवकर संपतो. एकेकाळी पेट्रोल जीप आणि अँबेसिडर डिझेल करून घेणं महाराष्ट्रात सर्रास होतं, मेटाडोरचं इंजिन त्या कामाला लाडकं होतं. आता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल मान्य होणार नाहीत असा निर्वाळा दिला. आरटीओच्या दारात त्यामुळे या विषयावर फारसा वाद होत नाही.

अपवाद

आता तो छोटा अपवाद. इंजिन बदलणं समर्थनीय ठरतं ते चासी आधीच त्या वजनासाठी बांधलेली असेल तेव्हा. ६.० चं डिझेल मेलेला फोर्ड सुपर ड्युटी घ्या. त्याची चासी, ॲक्सल, ब्रेक, कूलिंगची जागा आणि दारावरचं स्टिकर, सगळं जड डिझेलसाठीच आखलेलं. दुखणं एका अवयवाचं आहे. तिथे कमिन्स बसवलं तर इंजिन गाडीच्या मापाचं असतं, गाडीला इंजिनामागे धावावं लागत नाही. धुराचे नियम तिथेही पाळावे लागतात आणि वायरिंगची डोकेदुखी तिथेही असतेच. पण उतारावर गाडी धरून ठेवणारे भाग कारखान्याने मोजलेले असतात.

कठीण प्रकरण आहे ते शेवरोलेच्या सबर्बनसारख्या मोठ्या कुटुंबी गाडीचं. आठ माणसं आत बसवून मागे जड ट्रेलर ओढायची गरज खरी आहे, आणि ती भागवणारी डिझेल गाडी कारखान्यांनी बनवणं सोडून दिलं. फोर्डची एक्सकर्शन २००५ मध्ये बंद झाली. जड सबर्बनमधलं ६.५ चं डिझेल त्याआधीच, १९९९ नंतर गेलं होतं, आणि २०१३ नंतर ती जड सबर्बनच बाजारातून गेली. अशा माणसाला कारखान्याची घे म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं आहे. त्याने बदल करावा, पण कोणता?

या कामात मुरलेले लोक आता वेगळ्याच वाटेने जातात. ते इंजिन शोधत नाहीत. ते बॉडीला अपघात झालेला, पण सांगाड्याने सरळ असलेला तीन-चतुर्थांश टनी डिझेल ट्रक शोधतात, त्याची चुरगळलेली केबिन उतरवतात आणि सबर्बनची बॉडी त्या चासीवर आणून ठेवतात. इंजिन, ॲलिसन गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, कूलर आणि कंप्युटरपर्यंतचं वायरिंग कारखान्याने जसं एकत्र दिलं तसंच राहतं. बॉडीचे माउंट हलवावे लागतात, चासीची लांबी जुळवावी लागते, स्टीअरिंगचा रॉड नव्याने जोडावा लागतो, डॅशबोर्डची तोंडमिळवणी करावी लागते. खर्च नुसतं इंजिन बदलण्याहून बराच जास्त येतो. पण त्या गाडीत जे जुळवलेलं आहे ते माणसांच्या बसण्याच्या जागेचं, आणि चासीची लांबी सोडली तर जे ओझं धरून ठेवतं त्याला गॅरेजमध्ये कोणी पानाही लावलेला नसतो.